नळ टपकतो, पण पाना हातात घ्यायला भीती वाटते

प्रश्न : घरातील दुरुस्तीचे कोणतेही काम मी आजवर स्वतः केलेले नाही. न्हाणीघरात भिंतीतून आलेला नळ गेले तीन आठवडे टपकतो आहे. कितीही घट्ट फिरवला तरी थेंब थांबत नाहीत, आणि आता तर तो बंद करताना मनगट दुखू लागते. एवढ्याशा कामासाठी प्लंबर यायला तयार नाही. मी स्वतः करीन म्हटले, तर घरातली मंडळी म्हणतात, ‘हात लावलास तर घरभर पाणी होईल.’ मला हे काम जमेल का, आणि जमणार असेल तर सुरुवात नेमकी कुठून करावी?

उत्तर : काम नक्की जमेल, आणि घरच्यांची भीतीही अगदीच निराधार नाही. पहिल्या दुरुस्तीत जे फजीत होतात, ते बहुधा पाणी पुरते बंद झाले आहे की नाही हे न पाहताच नळ उघडतात. म्हणून आज फक्त एवढेच करा: त्या नळाचे पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह शोधा. बेसिनला आणि फ्लश टाकीला स्वतंत्र अँगल कॉक, म्हणजे भिंतीपाशी पाणी बंद करणारा लहान व्हॉल्व्ह, असतो, पण भिंतीतून थेट आलेल्या नळाला तो बहुधा नसतो. अशा वेळी न्हाणीघराच्या लाइनचा व्हॉल्व्ह, तोही नसेल तर घराचा किंवा टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. दांडीचा व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाइपच्या रेषेत असताना पाणी चालू आणि पाइपला काटकोनात असताना बंद. गोल चाकाचा असेल तर तो बरेच फेरे फिरवावा लागतो आणि वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नसल्यास जाम झालेला असतो. त्याच्याशी झोंबाझोंबी करू नका, थोडा पुढे, थोडा मागे असे करत सैल करा, कारण जोर लावल्यास आतला दांडा तुटू शकतो आणि मग लहान दुरुस्तीची मोठी होते.

व्हॉल्व्ह बंद केल्यावर टपकणारा नळ पूर्ण उघडा. काही वेळ पाणी येत राहील, ते पाइपमध्ये साठलेले असते, त्याने घाबरून जाऊ नका. पण दहा-पंधरा मिनिटांनंतरही बारीक धार चालूच राहिली, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही असे समजा आणि नळाचे काम तूर्त बाजूला ठेवा. अशा स्थितीत प्लंबरला बोलवायचे ते नळासाठी नव्हे, व्हॉल्व्हसाठी, आणि व्हॉल्व्हचे काम म्हटले की तो येतोही. नळ थंड-गरम मिक्सरचा असेल तर दोन्ही लाइन बंद झाल्या आहेत ना, हे पाहायला विसरू नका.

आता नळ कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. पूर्ण बंद होण्यासाठी दोन-तीन फेरे लागत असतील तर आत रबराचा वॉशर आहे, ज्याला आपण सगळे वायसर म्हणतो. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात उघड-बंद होत असेल तर आत चिनी मातीच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. तुमचे मनगट दुखते आहे, त्यावरून नळ पहिल्या जातीचा असावा. या नळात स्पिंडलच्या, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या आतल्या दांड्याच्या, टोकाला बसवलेला वायसर पितळी बैठकीवर दाबला जातो आणि पाण्याची वाट अडते. पाण्यातील क्षारांचे कण किंवा बारीक रेती मध्ये अडकली की रबरावर खाच पडते आणि त्या खाचेतून थेंब निसटतो. मग आपण नळ आणखी जोराने पिळतो, त्याने खाच आणखी खोल जाते. घट्ट पिळल्याने थेंब थांबत नाही एवढेच नव्हे, तर आजार वाढतो. एका थेंबात पाव मिलिलिटर पाणी धरले आणि सेकंदाला एक थेंब पडतो असे मानले, तर दिवसाला साडेएकवीस लिटरांहून थोडे जास्त पाणी जाते. तुमच्या तीन आठवड्यांचा हिशेब त्याप्रमाणे साडेचारशे लिटरांवर पोहोचतो.

थेंब कुठून येतो तेही नीट पाहा, कारण त्यावर उपाय ठरतो. तोंडातून येत असेल तर दोष वायसरचा किंवा बैठकीचा. नळ उघडल्यावर मुठीच्या खालून पाणी येत असेल तर स्पिंडलभोवतीचे पॅकिंग किंवा रबरी रिंग गेलेली आहे. आणि भिंतीशी ओल असेल तर तो आट्यांचा प्रश्न आहे, त्याचे उत्तर पुढच्या वाचकाला दिले आहे.

काम सुरू करण्याआधी खालच्या जाळीवर जुने फडके पसरा, कारण सुटलेला लहान स्क्रू हटकून तिथेच जातो. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने एक फोटो काढून ठेवा. मुठीवरची टोपी पातळ स्क्रू ड्रायव्हरने उचकटली की खाली स्क्रू दिसतो. तो काढून मूठ वर ओढा. मूठ क्षारांमुळे चिकटली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेले फडके थोडा वेळ गुंडाळून ठेवा. त्याखाली स्पिंडलचा षटकोनी भाग दिसेल, त्यावर स्क्रू पाना लावून डावीकडे फिरवायचे आहे. मुलाम्यावर ओरखडे नकोत म्हणून पान्याच्या जबड्यात कापडाची घडी घाला.

या ठिकाणी क्षणभर थांबा, कारण सगळ्या कामातली एकमेव खरी जोखीम इथे आहे. एका हाताने पाना फिरवताना दुसऱ्या हाताने नळाचे धड घट्ट धरून ठेवले पाहिजे. धड धरले नाही तर स्पिंडल सुटण्याऐवजी अख्खा नळच भिंतीत फिरतो आणि आतला जोड सैल होतो, किंवा पाइप जुना गंजका असेल तर तिथेच तुटतो. हाताने धरणे पुरत नसेल तर दुसरा पाना लावा, पण उलट दिशेने आधार दिल्याशिवाय जोर लावू नका. पाना अजिबात हलत नसेल तर गंज सुटण्यासाठी मिळणारे तेल थोडे सोडून तासभर वाट पाहा. त्यानेही सुटत नसेल तर हे काम इथेच सोडून देणे शहाणपणाचे आहे, त्यात कमीपणा मानू नका.

स्पिंडल बाहेर आला की दुकानात वायसर नव्हे, अख्खा स्पिंडलच घेऊन जा. वायसरचा व्यास, जाडी आणि मधल्या छिद्राचा आकार, तिन्ही जुळावे लागतात, आणि आठवणीने आणलेला वायसर बहुधा चुकीचा निघतो. माझा स्वतःचा पहिला नळ मी रात्री साडेनऊला उघडला होता. वायसरचा चुरा झालेला, दुकाने बंद, मुख्य व्हॉल्व्ह बंद, आणि सकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांचे चेहरे कसे होते ते सांगत नाही. तेव्हापासून असे काम मी सकाळी, दोन बादल्या पाणी भरून ठेवल्यावरच हाती घेतो.

नवा वायसर बसवण्याआधी नळाच्या आत बोट घालून बैठकीच्या कडेवरून फिरवा. कड गुळगुळीत लागली तर ठीक. खडबडीत किंवा खाच पडलेली लागली तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जाईल. बैठक घासून सपाट करण्याचे एक छोटे हत्यार मिळते, ते कधी प्लंबरकडून उसने मिळते. मात्र नळ फारच जुना असेल तर तो पूर्ण बदलणे मला अधिक बरे वाटते. स्पिंडल परत लावताना तो उघडलेल्या स्थितीत फिरवून घ्या. बंद स्थितीत लावला तर पुरता आत जाण्याआधीच वायसर बैठकीवर चिरडतो. मग नळ थोडा उघडा ठेवून मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू सोडा, म्हणजे अडकलेली हवा फसफसत निघून जाईल. यानंतर नळ नेहमीच्या जोराने, पिळल्यासारखा नव्हे, बंद करा आणि तोंडाखाली कोरडा टिश्यू कागद ठेवा. तासाभराने कागद कोरडा असेल तर काम झाले.

तुमचा नळ पाव फेऱ्याचा निघाला तर आतल्या चकत्या दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता पूर्ण कार्ट्रिज, म्हणजे त्या चकत्या असलेला आतला अख्खा भाग, बदला. उंची आणि वरच्या दात्यांची संख्या जुळली पाहिजे, म्हणून जुना नमुना सोबत न्या.

प्रश्न : शॉवरचा दांडा मी स्वतः बसवला. टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळूनही भिंतीशी पाणी झिरपते. थोडा आवळला की थांबते, दोन दिवसांनी पुन्हा सुरू होते. टेपचे नेमके किती फेरे घ्यावेत?

उत्तर : फेऱ्यांचा आकडा सगळे विचारतात, पण बिघाड बहुधा दिशेत किंवा जुन्या टेपच्या अवशेषांत असतो. आट्यांचे तोंड स्वतःकडे धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळलेली टेप दांडा आत फिरवताना उलगडते आणि तोंडाशी गोळा होते. जुन्या टेपचे धागे आणि क्षारांचा थर ताठ ब्रशने पूर्ण काढा. टोकाचा एक आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा तुटून शॉवरच्या चाळणीत अडकतो. टेप किंचित ताणून, आट्यांत रुतेल अशी, पाच ते आठ फेरे पुरतात. फारच पातळ टेप असेल तर दोन-तीन अधिक घ्या. त्याहून जास्त भर घातल्याने सांधा मजबूत होत नाही, उलट भिंतीतला प्लास्टिकचा एल्बो (पाइपचा वाकडा जोड) आतून फाकून तडकण्याची भीती असते.

तुमच्या वर्णनातला ‘थोडा आवळला की थांबते’ हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दांडा पूर्ण घट्ट झाल्यावर शॉवरची दिशा सरळ यावी म्हणून तुम्ही तो थोडा मागे फिरवला असावा. टेपचा सांधा एकदा मागे फिरवला की तो तुटतो. दिशा नेहमी पुढेच नेऊन जुळवावी, आणि जुळत नसेल तर पूर्ण काढून, टेप पुसून, एखादा फेरा कमी-जास्त करून पुन्हा लावावे. पुन्हा बसवल्यावर भिंतीवरची गोल चकती लगेच दाबून लावू नका. एक दिवस ती पुढे सरकवून ठेवली, तर झिरप असल्यास डोळ्यांना दिसेल आणि चकतीमागे लपून भिंतीत मुरणार नाही.

एक सावधगिरी मात्र आवर्जून घ्या. अँगल कॉकपासून बेसिनपर्यंत जाणाऱ्या कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो. तिथे टेप गुंडाळण्याचे कारण नाही. हा नट हाताने पूर्ण बसवून मग पान्याने फक्त पाव फेरा द्यायचा असतो.

प्रश्न : रात्री सगळे शांत झाले की फ्लश टाकीतून बारीक सुस्कारा ऐकू येतो. बाहेर कुठेही पाणी दिसत नाही. हे दुरुस्त करायला टाकी काढावी लागेल का?

उत्तर : टाकी काढावी लागणार नाही, झाकण काढणे पुरेसे आहे. झाकण उचलून ते जमिनीवर सुरक्षित जागी ठेवा, कारण चिनी मातीचे झाकण फुटले तर जुळणारे मिळणे कठीण असते. आत एक उभी नळी दिसेल, तिला ओव्हरफ्लो म्हणतात. पाणी तिच्या तोंडावरून आत सांडत असेल तर दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा आहे. फ्लोटची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या भागाची, पातळी खाली आणा, पाणी नळीच्या तोंडापासून साधारण अडीच सेंटिमीटर खाली थांबले पाहिजे. फ्लोट हाताने वर उचलून धरल्यावरही पाणी येत राहिले तर व्हॉल्व्हच्या आतला रबर किंवा पूर्ण व्हॉल्व्ह बदलायचा.

पाणी पातळीच्या खालीच असेल तर टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला, तर तळाचा रबर नीट बसत नाही. अँगल कॉक बंद करून, टाकी रिकामी करून तो रबर आणि त्याची बैठक कापडाने पुसा. पुष्कळदा बैठकीवर साचलेला चिकट थर हेच कारण निघते आणि काहीही विकत आणावे लागत नाही. रबर कडक झाला असेल किंवा हाताला काळे लागत असेल तर मात्र बदला.

प्रश्न : न्हाणीघराच्या खाली असलेल्या खोलीच्या छताला ओल येते. फरशांमधल्या दर्जा पांढऱ्या सिमेंटने मी दोनदा स्वतः भरल्या, तरी डाग वाढतोच आहे. माझे काय चुकले?

उत्तर : दर्जा भरण्यात काही चुकले असेल असे नाही, निदान न करता औषध दिले एवढेच. शिवाय सिमेंटची दर्ज पाणी अडवत नाही, ती थोडे पाणी आत घेतेच. पाणी अडवण्याचे काम फरशीखालच्या जलरोधक थराचे असते. छतावरची ओल तीन ठिकाणांहून येऊ शकते: दाबाखालच्या पाण्याच्या पाइपमधून, सांडपाण्याच्या पाइपमधून किंवा फरशीतून. या तिघांची चाचणी तुम्ही घरीच करू शकता, फक्त ती एकेक आणि कोरड्या दिवसांच्या अंतराने करायची. घाईत एकाच दिवशी तिन्ही केल्या तर काहीच कळत नाही.

आधी पाण्याचे पाइप. घरातले सगळे नळ बंद ठेवून मीटरचा आकडा लिहा आणि तासाभराने पुन्हा पाहा. मीटर नसेल तर रात्री टाकीत येणारे पाणी बंद करून पातळीची खूण करा आणि सकाळी तपासा. कोणी पाणी वापरलेले नसताना आकडा हलला किंवा पातळी उतरली, आणि फ्लश टाकीही गळत नाही याची खात्री असेल, तर भिंतीतला किंवा फरशीतला पाइप गळतो आहे. अशी ओल न्हाणीघर वापरा किंवा वापरू नका, वाढतच राहते. हे काम स्वतः करू नका.

पाइप ठीक निघाले तर न्हाणीघर काही दिवस पूर्ण कोरडे ठेवा आणि डागाच्या कडा पेन्सिलने आखून घ्या. मग फरशीवर एक थेंबही न सांडता दोन-तीन बादल्या पाणी थेट ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडात, ओता. डाग आखलेल्या रेषेबाहेर गेला तर दोष ट्रॅपचा किंवा त्यापुढच्या सांडपाण्याच्या पाइपचा. काहीच झाले नाही, तर पुन्हा कोरडे दिवस जाऊ द्या, ट्रॅपचे तोंड कापडाचा बोळा आणि प्लास्टिक लावून बंद करा आणि फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी २४ तास साठवून ठेवा. आता डाग वाढला तर फरशी दोषी. मात्र खाली दिवे किंवा विजेच्या तारा असलेले छत असेल, तर ही शेवटची चाचणी स्वतः करू नये.

फरशी दोषी ठरली तरी सगळी उखडण्याआधी दोन जागा पाहा: ट्रॅपच्या जाळीची कड आणि फरशीतून वर येणारे पाइप. बहुतेक वेळा पाणी दर्जांपेक्षा या कडांमधून जास्त मुरते. तिथला सुटा माल खरवडून, जागा पूर्ण वाळवून सिलिकॉन सीलंट भरा. भिंत आणि फरशी यांच्या कोपऱ्यातही सिमेंटपेक्षा सिलिकॉन बरे, कारण तिथे होणारी सूक्ष्म हालचाल ते सहन करते. जुन्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही, म्हणून जुने मुळापासून काढावे लागते. भरल्यावर निदान २४ तास तिथे पाणी लागू देऊ नका. दर्जा पुन्हा भरायच्याच असतील तर जुना माल २ ते ३ मिलिमीटर खोल काढल्याशिवाय वरून लेप देऊ नका. तुमचे दोन्ही वेळचे सिमेंट सुटले त्याचे कारण बहुधा हेच असावे. एवढे करूनही ओल राहिली तर खालचा जलरोधक थर गेलेला आहे, आणि ते काम पहिल्या, दुसऱ्या किंवा दहाव्या प्रयत्नातही हौशी माणसाचे नाही.

प्रश्न : वरील कामे केल्यावर माझा आत्मविश्वास वाढला आहे. आता गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना थेंब थेंब गळतो, तो बदलून टाकू का? की त्याला बूच लावू?

उत्तर : बूच कधीही लावू नका. १५ लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान जवळजवळ पाव लिटरने वाढते. उलटे जाण्याची वाट एकमार्गी व्हॉल्व्हने अडवलेली असली की तेवढे पाणी बाहेर पडण्यासाठीच हा व्हॉल्व्ह असतो. म्हणजे तापताना पडणारे थेंब हे तो काम करत असल्याचे लक्षण आहे. पाणी तापून झाल्यावर, गिझर बंद असतानाही धार चालूच राहत असेल, तर दोष व्हॉल्व्हचा किंवा लाइनमधील जास्त दाबाचा असू शकतो. तेव्हा बटण बंद करून पुरवठ्याचा एमसीबीही पाडा, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि प्रशिक्षित कारागिराला बोलवा. पाणी, वीज आणि दाब एकत्र असलेल्या या एका वस्तूला झाकणाचा स्क्रूही लावू नये, असे माझे मत आहे. थेंबांचा त्रास होत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला लहान नळी जोडून ती उताराने बादलीपर्यंत आणा, फक्त नळीचे दुसरे टोक कायम उघडे राहील आणि कधीही दुमडणार नाही याची काळजी घ्या.